चक्राचा काय दोष?

"डबल क्लिक केल्यावरचं ते चक्र मध्येच थांबतं, जरा जास्त वेळ फिरव ना." शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला आलेली तक्रार. म्हणजे शनिवार गेलाच!

आमचं विंडोजवरचं बिलिंगचं सॉफ्टवेअर. आयकॉनवर डबल क्लिक केलं की बाणाशेजारी चक्र फिरतं, दोन सेकंदांत गायब होतं आणि खिडकी उगवते नवव्या सेकंदाला. मधल्या वेळात काउंटरवरचे काका काय करणार? परत डबल क्लिक. परत. मग एकदम तीन खिडक्या, त्यातली दुसरी म्हणते डेटाबेस लॉक आहे. समोर गिऱ्हाइकांची रांग, आणि शिव्या खाणार काका.

मुळात ते चक्र आपलं नसतंच हो, विंडोजचं असतं. प्रोसेस सुरू झाली की ते दोन सेकंद वाट बघतं. तेवढ्यात प्रोग्रामने पहिला जीयूआय कॉल केला तर आणखी पाच सेकंद. त्या पाचात खिडकी दाखवली तर ती रंगवून व्हायला अजून पाच. पहिला गेटमेसेज झाला की बंद. आमचं दोनातच आटोपत होतं, म्हणजे तोवर आम्ही खिडकीचं नावही काढलेलं नव्हतं.

मीटिंगमधला उपाय काय? स्प्लॅश स्क्रीन! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मेन थ्रेड अडकलेलाच असेल तर पाच सेकंदांनी त्याच स्प्लॅशवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' झळकणार. त्यावरही एका सीनियरकडे तोडगा होता: घोस्टिंग बंद करायचं एपीआय आहे, ते कॉल करून टाक. आहे खरं, पण त्याने प्रोग्राम लवकर उघडत नाही, फक्त अडकलाय हे काकांना कळत नाही. याला मी बग फिक्स म्हणणार नाही, ही चक्क फसवणूक आहे. आणि "माझ्या मशीनवर तर पटकन उघडतं" म्हणणाऱ्यांनी एक दिवस काकांच्या पीसीवर बसावं!

शेवटी शनिवारी लॉग टाकून बघितलं. खिडकी बनवायच्या आधीच, मेन थ्रेडवर, लायसन्स सर्व्हरला हाक आणि मग एकेका नेटवर्क प्रिंटरचा शोध. दोन्ही बॅकग्राउंड थ्रेडवर ढकललं. आता खिडकी आधी येते, 'बिल छापा' बटण जरा वेळ करडं राहतं. दुसऱ्यांदा क्लिक केलं तर म्युटेक्स बघून पहिलीच खिडकी पुढे आणतो. दीड सेकंद.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रिंटर कुठला, म्हणून काकांना फोन केला. "तो होय? तो दोन वर्षांपूर्वीच भंगारात दिला की!"