दूरचित्रवाणी संच आणि घरची खतावणी

व्यापारी घराला खरेदीचे धडे द्यावे लागत नाहीत. मालाचा भाव, हमाली, वाहतूक, तूट आणि उधारीवर बुडणारे व्याज हिशेबात धरल्याशिवाय दुकानात एक पोतेही उतरत नाही. मात्र तोच व्यापारी घरासाठी दूरचित्रवाणी संच घ्यायला निघाला, की हा सारा अनुभव दुकानातच ठेवून जातो. किमतीची चिठ्ठी आणि पडद्याची झळाळी एवढ्यावरच निर्णय होतो. हप्त्याने खरेदी असेल, तर किंमतही बाजूला पडते आणि केवळ हप्त्याचा आकडा लक्षात राहतो.

सिंदफणेच्या काठी वसलेल्या शिरूर कासारसारख्या गावात ही चूक अधिक महागात पडू शकते. बीड जिल्ह्यातील हा तालुका ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल मिळते, टोळ्या कारखान्यांकडे निघण्यापूर्वी किराणा-कापडाची जुनी उधारी काही प्रमाणात चुकती होते आणि दुकानाचा गल्ला भरतो. त्यानंतर गावे रिकामी होतात. माणसे परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. पावसाळ्यात पेरणीच्या तोंडावर उधारीची वही पुन्हा फुगू लागते. म्हणजे दिवाळीत गल्ल्यात दिसणारी रोकड ही त्या महिन्याची कमाई नसते. तिच्यावर पुढच्या कित्येक महिन्यांच्या मालखरेदीचा हक्क असतो.

अशा गावातील एक किराणा व्यापाऱ्याचे घर उदाहरणादाखल घ्यावे. जुना संच बंद पडला आहे. आजींना गुडघ्यांमुळे स्थानकात रोज जाता येत नाही. त्यांना प्रवचन ऐकायचे आहे आणि पडद्यावरील अक्षरे वाचता यावीत अशी त्यांची अपेक्षा आहे. सूनबाईंना मुलांच्या अभ्यासाचे व्हिडिओ मोठ्या पडद्यावर हवे आहेत. मुलाला क्रिकेटसाठी ५५ इंची संच हवा आहे. वडिलांनी घरखर्चातून ३० हजार रुपयांची मर्यादा घातली आहे. विक्रेता म्हणतो, “शेठ, मर्यादा कशाला पाहता? थोडा मोठा हप्ता घ्या आणि मोठा संच न्या.”

येथे पहिले साधन म्हणजे मोजपट्टी. पडद्याचे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कर्णावर मोजले जातात. बसण्याचे अंतर या मापाच्या साधारण दीड ते अडीच पट असावे. ४३ इंची संचासाठी ते सुमारे साडेपाच ते नऊ फूट येते. ५५ इंची संचासाठी किमान सात फूट लागतात. या घरात भिंतीपासून दिवाणापर्यंतचे अंतर साडेसहा फूटच आहे. मुलाच्या हट्टाचे उत्तर वडिलांच्या रागात नाही, खोलीच्या मापातच आहे. मात्र ३२ इंची संचावर समाधान मानले, तर आजींना अक्षरे बारीक पडतील. शिवाय त्या मापाचे बरेच संच ‘एचडी रेडी’ असतात. त्यांच्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ एवढेच बिंदू असतात. ‘फुल एचडी’मध्ये ते १९२० गुणिले १०८० आणि ‘फोर-के’मध्ये ३८४० गुणिले २१६० असतात. दुकानातील झगमगत्या चित्रफितीवर हा फरक पारखू नये. रोजची वाहिनी लावायला सांगावे आणि आवाजही ऐकावा. आजींसाठी स्पष्ट शब्द हे चित्राइतकेच महत्त्वाचे आहेत.

दुसरा मुद्दा कराचा. ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के जीएसटी होता. मोठ्या संचांवर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे संचही १८ टक्क्यांत आले. पूर्वी करासह ३२,५०० रुपयांना पडणारा संच, मूळ किंमत तीच राहिली तर, आता सुमारे २९,९६० रुपयांना पडायला हवा. एवढ्या फरकावर ‘दिवाळी सवलत’ अशी चिठ्ठी लावलेली दिसली, तर ती सवलत दुकानदाराची नाही हे ओळखावे.

काही व्यापारी घरचा संच दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घेतात आणि भरलेल्या कराची वजावट मिळवू पाहतात. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) नुसार वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूंवर ही वजावट मिळत नाही. दुकानाच्या रोकडीतून पैसे दिले असतील, तर ती रक्कम मालकाच्या उचल खात्यावर टाकणे हाच सरळ मार्ग. चार-साडेचार हजारांच्या करासाठी वह्यांमध्ये खोट शिरू देणे हा कोणत्याही अर्थाने नफा नव्हे.

तिसरा आणि सर्वांत नाजूक मुद्दा हप्त्याचा. समजा, संच ३० हजारांचा आहे. ‘बिनव्याजी’ योजनेत अडीच हजारांचे बारा हप्ते आहेत आणि रोखीने घेतल्यास तोच संच २८ हजारांना मिळतो. मग ग्राहकाला प्रत्यक्षात कर्ज मिळाले २८ हजारांचे आणि फेड झाली ३० हजारांची. दरमहा फेडीचा विचार करता हा दर वर्षाला सुमारे १३ टक्के होतो. सुरुवातीला ५०० रुपये प्रक्रिया शुल्क घेतले, तर तो १६ टक्क्यांच्या पुढे जातो. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट कळवले होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसाठी ग्राहकाला मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी हा कागद मागून वाचावा.

दरापेक्षाही मोठा धोका वेळेचा आहे. नोकरदाराचा पगार दरमहा येतो, म्हणून दरमहाचा हप्ता त्याला पेलतो. शिरूर कासारच्या दुकानाची वसुली हंगामाने येते. दिवाळीत सोपा वाटलेला हप्ता जुलै-ऑगस्टमध्ये, उधारी थकलेली असताना, खात्यात शिल्लक नसल्यामुळे परत जाऊ शकतो. त्यावर बँकेचे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचे असे दोन्हीकडून शुल्क लागते. हप्ता थकत गेला, की त्याची नोंद मालकाच्या वैयक्तिक पतइतिहासात होते. दुकानाच्या कॅश क्रेडिटचे नूतनीकरण करताना बँक हाच पतइतिहास पाहते. अडीच हजारांच्या करमणुकीसाठी पाच-दहा लाखांच्या व्यापारी मर्यादेवर प्रश्नचिन्ह लागणे, हा सौदा कोणताही शहाणा व्यापारी करणार नाही. अशा घराने हंगामातच, रोखीने आणि ठरवलेल्या मर्यादेतच संच घ्यावा.

घेतल्यानंतरचा खर्चही लिहून पाहावा. संच २६ हजारांचा. भिंतीवरील कंस आणि स्टॅबिलायझर मिळून अडीच हजार. ८० वॅटचा संच रोज पाच तास चालला, तर महिन्याला १२ युनिट वीज लागते. युनिटला दहा रुपये धरल्यास पाच वर्षांत ७,२०० रुपये. वाहिन्यांसाठी दरमहा २५० रुपये धरल्यास पाच वर्षांत १५ हजार. एकूण ५०,७०० रुपये. म्हणजे संचाची किंमत ही खऱ्या खर्चाच्या जेमतेम निम्मी. यातील मोठी बचत वाहिन्यांच्या यादीत आहे. कोणी पाहत नाही त्या वाहिन्या बंद कराव्यात. मोजक्या वाहिन्यांवर भागत असेल, तर दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नसते. डबा आणि तबकडी यांचा खर्च एकदाच येतो. वीजवापरासाठी संचावरील तारांकित लेबल पाहावे. त्यावर वर्षाचा वापर छापलेला असतो.

कंपनी निवडताना तिचे दुरुस्ती केंद्र बीड किंवा पाथर्डीसारख्या जवळच्या गावी आहे का, आणि तंत्रज्ञ घरी येतो का, हे आधी विचारावे. पडदा निकामी झाला, तर त्याच्या बदलीचा खर्च नव्या संचाच्या किमतीजवळ जातो. विजेच्या लोळाने किंवा धक्क्याने झालेले नुकसान बहुधा हमीत बसत नाही. म्हणून गडगडाट सुरू होताच प्लग आणि केबल दोन्ही काढण्याची सवय घराला लावावी. जुना संच माळ्यावर टाकू नये आणि भंगारात फोडूही नये. जुन्या काचनळीच्या संचात शिसे असते. तो अधिकृत ई-कचरा संकलनाकडेच द्यावा.

शेवटी एक हिशेब पैशांपलीकडचा. श्रावकाच्या व्रतांमध्ये परिग्रहाचे परिमाण आहे आणि भोगोपभोगाचेही. परिमाण म्हणजे माप, आणि माप वस्तू घरात येण्यापूर्वी ठरवायचे असते. पडद्याच्या इंचांइतकेच तासांचेही माप ठरावे. सामायिकाला ४८ मिनिटे लागतात. मालिकांचे दोन भाग सहज त्याहून अधिक वेळ घेतात. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकणाऱ्या घरात संध्याकाळ मोकळी मिळते. प्रतिक्रमणाच्या वेळी संच बंद राहील, पर्युषणात तो केवळ प्रवचनासाठी लागेल, असे नियम खरेदीच्या दिवशीच मुलांसमोर ठरले, तर पुढे रोजची कुरबूर टळते.

उदाहरणातील घराने २६ हजारांचा ४३ इंची संच रोखीने घेतला, कंस-स्टॅबिलायझरसह २८,५०० रुपयांत काम आटोपले, तर मर्यादेतील दीड हजार रुपये शिल्लक राहतात. त्यांतून दुसरी एखादी वस्तू घेण्याची घाई नको. सहा महिन्यांच्या वाहिन्यांचा खर्च त्यातच निघतो. पक्के बिल आणि हमीपत्र वहीसोबत जपून ठेवावे. तक्रारीची वेळ आली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि तेथेही पहिल्यांदा बिलच उपयोगी पडते.