‘वय झालं’ म्हणण्याआधी एक ईसीजी काढा



दोन वर्षांपूर्वी आमच्या सासूबाईंनी कुंभोजच्या बाहुबलीचा डोंगर चढणं सोडलं. “तुम्ही जाऊन या, मी खालूनच हात जोडते,” म्हणाल्या. आम्ही सगळे वर जाऊन आलो, कुणाला काही वाटलंही नाही. पुढे त्या झोपताना उशाला दोन उश्या घेऊ लागल्या. संध्याकाळी पाय सुजायचे. पाण्याची कळशी उचलताना मध्येच थांबायच्या. विचारलं की एकच उत्तर, “वय झालं गं.” आम्हालाही ते पटायचं, कारण ते सोयीचं होतं.

मामंजींच्या छातीत दुखलं तेव्हा अर्ध्या दिवसात अँजिओप्लास्टी ठरली होती. सासूबाईंचा पहिला ईसीजी काढायला मात्र आम्हाला पाच महिने लागले. लिहिताना लाज वाटते, पण तुमच्या घरात असं होऊ नये म्हणून लिहिते.

ईसीजीत ‘लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक’ निघाला आणि इकोत हृदयाचं पंपिंग 28 टक्के. निरोगी माणसाचं ते 55 च्या पुढे असतं. डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. जात्याचा खुंटा दोघींनी धरला आणि एकीने आधी, दुसरीने मागून ओढला तर काय होतं? हात दुखतात, जातं अडखळतं, पीठ पडत नाही. हृदयाचं तसंच. आकुंचन पावायचा विजेचा निरोप डावीकडच्या भिंतीला उशिरा पोचतो. मधला पडदा आधी आवळतो, बाहेरची भिंत मागून. मेहनत पूर्ण, पण रक्त पुढे जातं थोडंच.

साध्या पेसमेकरला एक किंवा दोन तारा असतात. यात बहुधा तीन. तिसरी तार हृदयाच्याच एका शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या बाजूला नेतात, म्हणजे दोन्ही बाजूंना निरोप बरोबर मिळतो आणि दोघी एकदम खुंटा ओढतात. याला सीआरटी म्हणतात. छाती उघडावी लागत नाही. गळपट्टीच्या हाडाखाली छोटा छेद देऊन, बहुतेक वेळा तेवढीच जागा बधिर करून, यंत्र बसवतात.

हे सगळ्यांसाठी नाही. आधी काही महिने औषधं नीट घ्यावी लागतात. त्यानंतरही पंपिंग 35 टक्के किंवा त्याखाली असेल आणि ईसीजीतला पट्टा रुंद असेल, तरच सहसा विचार होतो. साधारण तिघांतल्या एकाला म्हणावा तसा फायदा होत नाही. तार सरकणं, जंतुसंसर्ग हे धोकेही आहेत. पण 2005 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या ‘केअर-एचएफ’ या 813 रुग्णांच्या अभ्यासात, नुसत्या औषधांपेक्षा औषधं आणि हे यंत्र मिळालेल्यांत मृत्यूचा धोका 36 टक्क्यांनी कमी दिसला.

त्या 813 जणांत बायका होत्या साधारण चौथा हिस्सा. आणि पुढे काय दिसलं? 2014 साली अमेरिकेच्या एफडीएच्या संशोधकांनी तीन अभ्यास एकत्र तपासले. असा ब्लॉक असलेल्या, पण ईसीजीतला पट्टा फार रुंद नसलेल्या बायकांना यंत्राचा चांगला फायदा झाला होता. तसल्याच पुरुषांना तो दिसला नाही. म्हणजे जिला जास्त उपयोग, तिलाच आपण मागे ठेवतो.

आमच्याकडे यंत्राचं नाव निघताच सासूबाई म्हणाल्या, “देहाचा एवढा मोह बरा नव्हे.” वन्संनीही मान हलवली. मी तेव्हा गप्प बसले, आता बोलते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखना सांगितली आहे ती ज्यावर उपाय उरला नाही अशा संकटात, दुष्काळात, म्हातारपणात किंवा रोगात. ‘उपाय उरला नाही’ ही त्यातली अट आपण विसरतो. उपाय असताना दम सोसत बसणं याला मी वैराग्य म्हणणार नाही. सगळं समजून घेऊन एखादीने नको म्हटलं तर तो तिचा हक्क. पण त्या रात्री पाय चेपताना सासूबाई हळूच म्हणाल्या, “माझ्यावर एवढा पैसा कशाला गं?” खरं कारण ते होतं. मोहाचं नाव नुसतं पुढे केलं होतं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. सूर्यास्तानंतर त्या पाणी घेत नाहीत, म्हणून संध्याकाळची गोळी महिनोन्‌महिने चुकत होती. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी वेळा बदलून दिल्या, पाच मिनिटांचं काम. निर्जळी उपवासाचंही आधी विचारा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना निर्जळी केली तर रक्तदाब एकदम उतरू शकतो. लोणचं-पापडाचं मीठही मोजूनच.

यंत्र बसून आता वर्ष होत आलं. सासूबाईंचं पंपिंग 40 वर आलं आहे. डोंगर अजून नाही, पण मंदिरात एकट्या चालत जातात आणि एका उशीवर झोपतात. पहिले काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर नेला नाही. मोबाइल त्या बाजूला ठेवत नाहीत, इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब राहतात. काही वर्षांनी बॅटरी संपली की यंत्र बदलावं लागेल. आणि एक कटू पण गरजेची गोष्ट: दहनापूर्वी हे यंत्र काढून घ्यावं लागतं, कारण आगीत ते फुटतं. घरातल्या एकाला तरी हे माहीत असू द्या.

जिना चढताना थांबणारी, दोन उश्या मागणारी बाई तुमच्या घरात असेल तर या आठवड्यात तिचा ईसीजी आणि इको करून घ्या. कदाचित ती बाई तुम्हीच असाल. मग “वय झालं” हे उत्तर स्वतःलाही देऊ नका.

जय जिनेंद्र.