मागच्या रांगेतली पोती

जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला करमणुकीतही हिशेब दिसतात. ही खोड माझ्या बायकोला मान्य नाही, पण आता वय उलटून गेले. ‘सिलिकॉन व्हॅली’ ही अमेरिकन विनोदी मालिका मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा पोट धरून हसलो होतो. परवा ती पुन्हा पाहिली, या वेळी मुलाबरोबर. एका प्रसंगाला मी हसलो आणि तो हसला नाही. त्यावरून हे सारे सुचले.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. माईक जज आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांची ही मालिका एचबीओवर २०१४ ते २०१९ या काळात सहा पर्वांत आली. जज हा ऐंशीच्या दशकात तिथल्याच एका छोट्या कंपनीत इंजिनियर होता; तीन महिन्यांच्या आत कंटाळून बाहेर पडला. त्यामुळे थट्टा आतल्या माणसाची आहे. रिचर्ड हेन्ड्रिक्स नावाचा बुजरा पोरगा संगणकावरची माहिती दाबून लहान जागेत बसवण्याची अजब युक्ती शोधतो आणि चार सवंगड्यांसह ‘पाइड पायपर’ ही कंपनी काढतो. ऑफिस कुठे, तर एका बढाईखोर गृहस्थाच्या राहत्या घरात! (मालिकेची भाषा विलक्षण शिवराळ आहे. लहान मुले झोपल्यावरच पाहावी.)

माझ्यातल्या बँकवाल्याला सर्वांत आवडतो तो रस हॅनेमन हा उथळ धनाढ्य. कंपनीने उत्पन्न म्हणून दाखवूच नये, असा त्याचा सल्ला. उत्पन्न दाखवले की लोक विचारतात ‘किती?’ आणि मग कितीही सांगा, ते कमीच पडते. शून्य असले की स्वप्न शाबूत राहते. आम्ही पिठाच्या गिरणीलासुद्धा तीन वर्षांचे ताळेबंद मागत होतो. तेव्हा हा प्रसंग पाहून मी किती हसलो असेन, कल्पना करा.

मी हसलो आणि मुलगा गप्प राहिला, तो प्रसंग मात्र तिसऱ्या पर्वातला. पाइड पायपरचे अ‍ॅप पाच लाख लोकांनी उतरवून घेतलेले असते. सगळीकडे जल्लोष. पण रोज वापरणारे भरतात जेमतेम एकोणीस हजार! हा दुसरा आकडा रिचर्डला पोटात आगीसारखा जाळत असतो. पुढे त्याचा प्रामाणिक, भाबडा सहकारी जॅरेड केवळ कंपनीच्या प्रेमापोटी बांगलादेशातल्या एका अड्ड्याकडून खोटे वापरकर्ते विकत घेतो. तिथे बसलेली माणसे दिवसभर पैसे घेऊन कळा दाबत असतात.

मुलाने पुण्यात दोन मित्रांबरोबर कंपनी काढली होती. २०२३ मध्ये ती बंद करावी लागली, अकरा जणांना घरी पाठवावे लागले. तो म्हणाला, “बाबा, आम्हीही पहिलाच आकडा दाखवायचो. तो खोटा नव्हता. पण विचारलं नाही तर दुसरा सांगायचा नाही, असं ठरलेलं होतं.”

यावर उपदेश करणे मला सोपे होते. पण तेवढ्यात मला पोती आठवली.

१९९१ साली मी एका तालुक्याच्या गावी होतो. एका धान्याच्या व्यापाऱ्याला आमच्या शाखेची कॅश क्रेडिट होती. दर महिन्याला गोदामात जाऊन माल तपासायचा, त्यावर किती उचल द्यायची ते ठरायचे. मार्च महिना होता. पुढच्या रांगेत तुरीची पोती थप्पी लावून उभी. मी सहज मागच्या रांगेत हात घातला, तर बोटांना भुसा लागला. हमाल माझ्याकडे पाहत राहिला. शाखेचे उद्दिष्ट पुरे व्हायचे होते, साहेबांचा सकाळीच निरोप होता. मी चहा घेतला आणि परत येऊन तपासणीच्या वहीत सही केली. दोन वर्षांनी खाते बुडाले. व्यापाऱ्याचा मेव्हणा जामीन होता. प्राथमिक शिक्षक. कोर्टाच्या हुकमाने त्याच्या पगारातून हप्ते कापले जाऊ लागले. मला कुणी काही विचारले नाही. माझी बढती वेळेवर झाली.

हे मी मुलाला त्या रात्री प्रथमच सांगितले. त्याने एवढेच विचारले, “आईला माहीत आहे?” नव्हते. आता आहे.

या मालिकेकडे आपण परक्या मुलखातल्या पैशाच्या धुंदीची थट्टा म्हणून पाहतो, तिथे चुकतो. रक्ताच्या चार थेंबांत ढीगभर तपासण्या करू म्हणणाऱ्या थेरॅनॉस कंपनीच्या एलिझाबेथ होम्स २०२२ मध्ये गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल दोषी ठरल्या. त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्यांत मोठमोठे, अनुभवी लोक होते. मागच्या रांगेत हात घालण्याचा कंटाळा किंवा भीती ही काही कॅलिफोर्नियाची मक्तेदारी नव्हे.

रिचर्ड ऐन करारावर सह्या होण्याच्या वेळी खरे सांगून टाकतो आणि हातातले पैसे घालवतो. तो संत नव्हे, पुढे अनेकदा घसरतो. पण २०१९ च्या शेवटच्या भागात त्याला आणि सवंगड्यांना कळते, की आपले स्वतःहून शिकत जाणारे यंत्र जगातली कुठलीही गुप्त कुलपे उघडू शकेल. तेव्हा ते जाणूनबुजून आपलाच सोहळा फसवतात आणि जन्मभराचे हसे पत्करतात. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, त्यानंतर हा शेवट पाहताना हसू जरा उशिरा येते.

आपल्या घराघरांतली मुले आज अशा कंपन्यांत आहेत. त्यांना ‘किती मिळवलेस?’ हे आपण विचारतोच. कधीतरी ‘दुसरा आकडा किती?’ हेही विचारावे. मात्र तो ऐकून घेण्याची आपली तयारी हवी. माझ्या मुलाने तो मला कंपनी बंद झाल्यावर सांगितला, आधी नाही. त्यात चूक एकट्या त्याचीच होती, असे मला आता वाटत नाही.