विजेची घटलेली मागणी व खरी काटकसर

विद्यार्थिमित्रहो, अमुक एका गृहस्थाचें वजन दोन महिन्यांत बरेंच उतरलें, एवढेंच कोणी आपणांस सांगितलें, तर त्या गृहस्थाचें अभिनंदन करावें कीं त्याची विचारपूस करावी? तो मिताहारानें सडपातळ झाला असेल, किंवा अन्नावांचून खंगलाही असेल. काट्यावरील आंकडा एकच. अर्थ मात्र दोन. सन २०२० मध्यें आपल्या देशाच्या विजेच्या मागणीची गोष्ट अशीच झाली.

करोनाच्या सांथीमुळें २५ मार्च २०२० पासून सर्व देशांत टाळेबंदी अमलांत आली. गिरण्या व कारखाने थांबले, कचेऱ्या व दुकानें बंद झालीं. मुंबईच्या लोकलगाड्या तर त्यापूर्वींच थांबल्या होत्या. एप्रिल २०१९ मध्यें देशांत सुमारें ११० अब्ज युनिट वीज लागली होती. एप्रिल २०२० मध्यें ती सुमारें ८५ अब्ज युनिटांवर आली. एक-पंचमांशाहून अधिक वीज वांचली, कोळसा कमी जळला, हवा निर्मळ झाली. हें पाहून कोणासही वाटेल कीं, संकटानें आपणांस काटकसर शिकविली. आमच्या मतें हा भ्रम आहे.

ही घट कोठें झाली तें पाहावें. देशांतील विजेचा सुमारें दोन-पंचमांश वाटा उद्योगधंद्यांचा, तर सुमारें एक-चतुर्थांश घरांचा असतो. यंत्रें थांबल्यामुळें पहिला वाटा खालीं आला. घरांतील वापर मात्र उलट वाढला. वडील घरूनच कचेरीचें काम करूं लागले, मुलांची शाळा मोबाइलच्या पडद्यावर भरूं लागली, आणि भर दुपारीं पंखे फिरूं लागले. सकाळची कामाची लगबग नाहींशी होऊन आठवड्याचे सारे दिवस विजेच्या दृष्टीनें रविवारासारखे झाले. म्हणजे जी वीज वांचली, ती बहुतांशीं बंद पडलेल्या कामाची होती. आणि काम बंद म्हणजे कोणाची तरी मजुरी बंद, हें विसरतां येणार नाहीं.

याचा परिणाम पैशांवरही झाला. आपल्याकडे शेतकऱ्यांस व गरीब घरांस वीज स्वस्त देतां यावी, म्हणून उद्योगांकडून व व्यापाऱ्यांकडून अधिक दर घेतला जातो. अधिक दर देणारेच थांबले, तेव्हां वीजवितरण कंपन्यांचें उत्पन्न घटलें. खांब, तारा, केंद्रें व नोकरवर्ग यांचा खर्च मात्र तसाच राहिला. म्हणून मे २०२० मध्यें केंद्र सरकारास या कंपन्यांकरितां ९०,००० कोटि रुपयांची योजना जाहीर करावी लागली. इकडे महाराष्ट्रांत मीटरवाचन थांबल्यामुळें सरासरीनें बिलें दिलीं गेलीं, आणि जूनमध्यें प्रत्यक्ष वाचन होतांच उन्हाळ्याच्या महिन्यांचा सारा बोजा एकदम पुढें आला. कित्येक घरीं तेव्हां पगारच येत नव्हता.

"सर्व बिलें माफ करा" ही मागणी आम्हांस पटत नाहीं; कारण सांथींतही तारांवर काम करणाऱ्या माणसाचें वेतन कोणी तरी दिलेंच पाहिजे. परंतु ज्याची मिळकत थांबली, त्याच्यापुढें तीन महिन्यांचा हिशेब एकाच दिवशीं ठेवणें हाही न्याय नव्हे. हप्त्यांची सवलत पुढें मिळाली, हें योग्यच झालें. पण अशी सवलत ओरड झाल्यावर मिळूं नये. तिचा नियम संकटापूर्वींच ठरलेला असावा.

खऱ्या संयमाचें एक लहानसें उदाहरण त्याच काळांत घडलें. ५ एप्रिल २०२० रोजीं रात्रीं नऊ वाजतां नऊ मिनिटें घरांतील दिवे मालवावे, असें आवाहन पंतप्रधानांनीं केलें होतें. धान्याप्रमाणें वीज कोठारांत भरून ठेवतां येत नाहीं. क्षणोक्षणीं जितकी खपते, तितकीच निर्माण करावी लागते. त्या रात्रीं देशाची मागणी अल्पावधींत ३१,००० मेगावॉटहून अधिक उतरली. तरीही अभियंत्यांनीं जलविद्युत् केंद्रांचें उत्पादन वेळेवर कमी-अधिक करून ५० हर्ट्झची वारंवारता ४९.७० व ५०.२६ यांच्या दरम्यान राखिली. नऊ मिनिटांत वांचलेली वीज नगण्य होय. परंतु सामान्य कुटुंबांनीं मनावर घेतलें, तर सारा देश तें कसें ओळखतो, हें त्या रात्रीं दिसलें.

सप्टेंबर २०२० मध्यें मागणी पुनः आदल्या वर्षाइतकी झाली. उपास सुटला आणि भूक परत आली. संवय मात्र बदललीच नाहीं. तेंच काम कमी विजेंत करणें, याचेंच नांव काटकसर. रिकाम्या खोलींतील पंखा बंद करणें व जुन्या दिव्याच्या जागीं एलईडी दिवा लावणें, यांनीं कोणाची मजुरी बुडत नाहीं.

तेव्हां मुलांनो, दर रविवारीं आपल्या घरच्या मीटरवरील आंकडा वाचून वहींत टिपून ठेवा. आणि पालकांनीं महिन्याचें बिल मुलांसमवेत बसून त्या वहीशीं ताडून पाहावें. असें केल्यास वीज कोठें वायां जाते हें कळेल, आणि उद्यां पुनः सरासरीचें बिल आलें तरी आपला हिशेब आपल्यापाशीं असेल.