रेषेबाहेरचे प्रशिक्षक

आमच्या होटगीकडे मुलींची कबड्डी असली, की आत सात जणी आणि रेषेबाहेर सत्तर प्रशिक्षक! वडील ओरडतात, ‘बोनस घे’, मामा म्हणतो, ‘मागं फिर’. चढाई अवघी ३० सेकंदांची. पोरीनं ऐकायचं कुणाचं? नियम तर असा, की चढाईत संघातल्याच कुणी सूचना दिली तरी समोरच्यांना गुण. शिवाय ‘कबड्डी कबड्डी’चा दम पंचांना ऐकू यायला हवा, नाहीतर ते तिला परत पाठवतात. आपल्याच गोंगाटात आपलीच पोर अडकते! टाळ्या वाजवा की, कोण नको म्हणतंय? पण अंगावर, कपड्यांवर शेरे मारणाऱ्यांना आयोजकांनी सरळ बाहेर काढावं. त्या शेऱ्यांपायीच आठवी-नववीतल्या कित्येकींचं खेळणं घरचे बंद करतात. मैत्रिणींनो, पुढच्या सामन्याला आपण चारचौघी मैदानाकडेला जाऊन बसू या का?