अर्धे काम धुळे-जळगावातच

केपटाउनमध्ये डॉ. बर्नार्ड यांनी जगातील पहिले हृदय प्रत्यारोपण केल्याला तीन महिनेही झाले नव्हते, तोच फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते धाडस केले. रुग्ण काही तासच जगला. भारताला यश मिळाले ३ ऑगस्ट १९९४ रोजी, दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये. मधल्या काळात औषधे सुधारली हे खरेच; पण हृदय धडधडत असतानाच अवयव काढता यावेत म्हणून मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदाही १९९४ चाच. पुण्याच्या गॅलेक्सी केअरमध्ये २०१७ साली डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने गर्भाशयाचेही प्रत्यारोपण केले. म्हणजे शल्यविशारदांचे कौशल्य कमी पडलेले नाही. कमी पडतात ते अवयव. देशात २०२३ साली १८ हजारांवर प्रत्यारोपणे झाली, पण मरणोत्तर अवयवदाते जेमतेम अकराशे. बाकीचा भार जिवंत दात्यांवर, आणि त्यातही बहुतेकदा घरातल्या आईवर किंवा बायकोवर.

इथे खानदेशाचा संबंध येतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. दुसरा पुढे जळगावातून जातो. अपघातात डोक्याला मार लागलेले, म्हणजे मेंदूमृत्यूची शक्यता असलेले रुग्ण याच दोन शहरांतल्या अतिदक्षता विभागांत येतात. अवयव काढण्यासाठी रुग्णालयात प्रत्यारोपणाची सोय असावी लागत नाही. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग आणि नोंदणी पुरते. चार डॉक्टरांनी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू जाहीर करायचा. मेंदूविकारतज्ज्ञ नसेल, तर २०१४ च्या नियमांनी फिजिशियन वा सर्जन आणि भूलतज्ज्ञाचा पर्याय दिला आहे. हृदयाला चारेक तासांचीच मुदत असते, तिथे अंतर आडवे येईल. किडनी मात्र दिवसभर टिकते आणि धुळ्याहून नाशिक १६० किलोमीटर आहे.

‘आपल्याकडचे लोक तयार होत नाहीत’ ही सबब आम्हाला मान्य नाही. जळगावात मांगीलालजी बाफना नेत्रपेढी चालते, ती लोकांनी मरणोत्तर दिलेल्या डोळ्यांवरच ना? आणि नातेवाइकांना अवयवदानाबद्दल विचारणे ही डॉक्टरांची मर्जी नव्हे. १९९४ च्या कायद्यातील २०११ च्या दुरुस्तीने ते बंधनकारक केले आहे.

धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, या दोन्हींच्या अधिष्ठात्यांनी मेंदूमृत्यू समितीची नावे आणि समन्वयकाचा फोन अतिदक्षता विभागाच्या दाराशी लावावा. किती मेंदूमृत्यू झाले आणि किती कुटुंबांना विचारले, हा आकडाही दर महिन्याला जाहीर करावा.