पळायला पद्मिनी, पाळायला अँबॅसेडर

पद्मिनी आणि अँबॅसेडर शेजारीशेजारी उभ्या दिसल्या की वाद ठरलेला. मुंबईकर पद्मिनीच्या बाजूने, सरकारी खात्यात हयात घालवलेले अँबॅसेडरच्या. बोलणं होतं ते आठवणींचं. इंजिनाचा विषय सहसा निघतच नाही.

तो काढलाच, तर पहिली बाजी पद्मिनीची. मूळची फियाट 1100 डिलाइट 1964 मध्ये कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून रस्त्यावर आली. पद्मिनी हे नाव 1974 चं. इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. पण गाडीचं वजन जेमतेम नऊशे किलो, त्यामुळे ती चटकन उचल घेते आणि गल्लीबोळांत लीलया वळते. टॅक्सीवाल्यांनी तिला उगाच नाही उचलून धरलं. उत्तरपाऱ्याची अँबॅसेडर म्हणजे ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचं 1489 सीसीचं इंजिन ताकदीला थोडं सरस, पण अंगाने बाई थोराड! नव्वदच्या दशकात तिला इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन आणि पाच गिअर मिळाले, तेव्हा मात्र पद्मिनीला घाटात मागे पडावं लागलं. म्हणून अँबॅसेडरच्या वेगाची चर्चा करण्याआधी बॉनेटखाली कुठलं इंजिन आहे, हे पाहिलेलं बरं.

देखभालीत चित्र पालटतं. कार्बोरेटर साफ करणं, पॉइंटची फट फीलर गेजने जुळवणं, टॅपेट सेट करणं, ग्रीसिंग हे दोघींनाही चुकत नाही. पद्मिनीचं उन्हाळ्यातलं दुखणं तर जुन्या ड्रायव्हरांना तोंडपाठ. भर चढावर इंजिनालगतचा पेट्रोल पंप तापायचा, आत पेट्रोलची वाफ व्हायची, कार्बोरेटरला पुरवठा तुटायचा आणि गाडी गचके खात थांबायची. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं, एक बिडी संपेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा चावी फिरवायची.

खरी डोकेदुखी पत्र्याची. दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसी नाही. त्यामुळे तळाचा पत्रा सडला की गाडीचा सांगाडाच कमकुवत होतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उघड्यावर राहिलेली पद्मिनी घेताना रंग पाहून भुलू नये. आधी पायाखालचं मॅटिंग उचलावं.

सुट्या भागांतही अँबॅसेडर वरचढ. तिचं उत्पादन 2014 पर्यंत चाललं, पद्मिनीचं त्याच्या दशकभर आधीच थांबलं. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली आणि सुट्या भागांचं हक्काचं गिऱ्हाईकही गेलं.

तेव्हा रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर चक्कर मारायची असेल तर पद्मिनी घ्यावी; कुटुंबाला बसवून गावी जायचं असेल तर इसुझू इंजिनाची अँबॅसेडर. मात्र गाडी कुठलीही घेतली, तरी आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलच मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा डायफ्राम पहिल्याच महिन्यात बदलून घ्यावा.